उसन्या गोष्टी, स्वतःची चाल

लग्नाची वरात मंडपाजवळ आली आणि नाचणाऱ्यांचा जोर ओसरू लागला की डीजे हमखास एक गाणं काढतो. ‘मुंडियाँ तो बच के’. पंजाबी शब्द कुणाला कळोत न कळोत, तुंबी या तंतुवाद्याचे पहिले दोन फटकारे ऐकू आले की नवरदेवाच्या मामापासून बँडवाल्याच्या पोरापर्यंत सगळ्यांचे खांदे हलू लागतात. गाणं गायलं लाभ जंजुआ यांनी. ते रचलं इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात वाढलेल्या पंजाबी एमसी या कलाकाराने, १९९८ साली. चारपाच वर्षांनी ते युरोपभर गाजलं आणि मग आपल्या वरातींमध्ये कायमचं मुक्कामाला आलं.

या गाण्यात तुंबीच्या खाली एक जाडसर बेस अखंड फिरत असतो. तो पंजाबातला नाही, कॅलिफोर्नियातला आहे. अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर २६ सप्टेंबर १९८२ रोजी सुरू झालेल्या ‘नाइट रायडर’ या मालिकेचं ते शीर्षकसंगीत. अमेरिकी रॅपर बस्टा ऱ्हाइम्स यांनी ते आपल्या गाण्यात वापरलं आणि तिथून ते पंजाबी एमसीकडे आलं. मूळ रचनेवर दोन नावं आहेत : स्टू फिलिप्स आणि ग्लेन ए. लार्सन. फिलिप्स हे पेशाने संगीतकार. लार्सन मात्र त्या मालिकेचे जनक, लेखक आणि कार्यकारी निर्माते होते.

स्वतः मालिका लिहायची, तीच विकायची, तिची निर्मितीही करायची आणि वर तिची चालही बांधायची, असा माणूस दूरचित्रवाणीच्या धंद्यात विरळा. लार्सन यांनी हे तीसेक वर्षं केलं. ‘क्विन्सी’, ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’, ‘बक रॉजर्स’, ‘मॅग्नम पी.आय.’, ‘द फॉल गाय’, ‘नाइट रायडर’ या सगळ्या मालिकांच्या जनकांत त्यांचं नाव आहे. याच माणसावर आयुष्यभर उचलेगिरीचा शिक्का होता. त्यांचं काम नीट पाहिलं तर शिक्का मारणारे पूर्णपणे चुकीचे नव्हते. पण त्यांनी निम्माच माणूस पाहिला.

हॉलिवूड हायस्कूलची चार पोरं

लार्सन यांचा जन्म ३ जानेवारी १९३७ रोजी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथे झाला. घराणं मूळचं स्वीडिश वंशाचं, आणि घरचा धर्म मॉर्मन. हा धर्म पुढे त्यांच्या एका मालिकेत अनपेक्षितपणे उतरला. शिक्षण हॉलिवूड हायस्कूलमध्ये. शाळेच्या नावाप्रमाणेच आजूबाजूला सगळा सिनेमाचा धंदा. ब्रूस बेलंड, मार्व्ह इन्ग्रॅम, एड कॉब आणि ग्लेन लार्सन या चौघांनी मिळून ‘द फोर प्रेप्स’ नावाचा गायनगट काढला. १९५६ मध्ये, अजून विशीही न गाठलेल्या या मुलांशी कॅपिटल रेकॉर्ड्सने करार केला.

त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं म्हणजे ‘ट्वेंटी सिक्स माइल्स’. लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यासमोरच्या सांता कॅटालिना बेटावरचं हे गाणं बेलंड आणि लार्सन यांनी लिहिलं. १९५८ साली ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. त्याच वर्षी याच जोडीचं ‘बिग मॅन’ तिसऱ्या क्रमांकावर गेलं. म्हणजे एकविसाव्या वर्षी लार्सन यांच्या नावावर दोन मोठी लोकप्रिय गाणी होती. १९५९च्या ‘गिजेट’ या चित्रपटात हा गट पडद्यावरही दिसतो.

पण लार्सन यांची पुढची वाटचाल समजायला १९६१चं ‘मोअर मनी फॉर यू अँड मी’ हे गाणं जास्त उपयोगी आहे. हे एक विडंबन होतं. आपले स्पर्धक गट कुठेतरी नाहीसे झाले तर आपल्या वाट्याला जास्त पैसा येईल, अशी त्याची गमतीदार कल्पना. मग त्या काळच्या एकेका गाजलेल्या गटाची हुबेहूब नक्कल. द प्लॅटर्स कसे गातात, किंग्स्टन ट्रिओ कशी तान लावतात, द फोर फ्रेशमेन आवाज कसा मिसळतात, हे सगळं त्यांच्याच ढंगात. लोकांनी हे गाणंही डोक्यावर घेतलं. दुसऱ्याच्या यशाचं मर्म अचूक टिपायचं, ते आपल्या गळ्यातून काढायचं आणि त्याला टाळी घ्यायची, ही विद्या लार्सन यांनी स्टुडिओत नव्हे तर रंगमंचावर, माइकसमोर कमावली.

साठीच्या दशकाच्या मध्यावर बीटल्स अमेरिकेत आले आणि नीटस कपड्यांतल्या, एका सुरात गाणाऱ्या अशा गटांचा जमाना सरला. चौघे पांगले. एड कॉब यांनी ‘टेंटेड लव्ह’ हे गाणं लिहिलं. ते १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या ब्रिटिश जोडीने पुन्हा गायलं आणि जगभर वाजलं. ब्रूस बेलंड दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या कारभारात गेले. लार्सन यांनी लेखणी धरली. १९६६ मध्ये ‘द फ्युजिटिव्ह’ या गाजलेल्या मालिकेच्या एका भागाच्या कथाश्रेयात त्यांचं नाव झळकलं.

युनिव्हर्सलचा कारखाना

त्या काळी युनिव्हर्सल स्टुडिओ हा दूरचित्रवाणीचा सर्वांत मोठा कारखाना होता. लेखक पगारी किंवा करारावर. आज पोलिसांची मालिका, उद्या काउबॉयची, परवा इस्पितळाची. लार्सन तिथे ‘इट टेक्स अ थीफ’ (१९६८ ते १९७०) या मालिकेवर लागले. तुरुंगातला एक देखणा चोर सरकारसाठी चोऱ्या करतो, अशी तिची कथा. भाग लिहिता लिहिता ते कथाविभाग पाहू लागले आणि मालिका संपायच्या आत निर्मितीतही शिरले. पुढची दहा वर्षं त्यांचा वेग थक्क करणारा आहे.

‘मॅक्क्लाउड’मध्ये न्यू मेक्सिकोतल्या टाओस गावचा घोडेस्वार मार्शल न्यूयॉर्कच्या रस्त्यावर गुन्हेगार पकडतो. ही मालिका ‘कोलंबो’च्याच पंगतीत, आळीपाळीने दाखवली जाई. तिचे जनक दुसरे होते, पण तिला आकार दिला लार्सन यांनी. एमी पुरस्काराची दोन नामांकनंही तिनेच त्यांना मिळवून दिली. ‘क्विन्सी’ (१९७६ ते १९८३) त्यांनी लू शॉ यांच्याबरोबर घडवली. शवविच्छेदन करणारा डॉक्टर हाच नायक, ही कल्पना तेव्हा धाडसाची होती. आज घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या न्यायवैद्यक मालिकांची ती पूर्वज म्हणायला हरकत नाही. पुढे नायक जॅक क्लुगमन यांनी या मालिकेला सामाजिक प्रश्नांकडे वळवलं. दुर्मीळ आजारांवरच्या औषधांबद्दल त्यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली आणि १९८३ मध्ये त्याविषयीचा कायदा झाला. या वळणाचं श्रेय क्लुगमन यांचं. चौकट मात्र लार्सन आणि शॉ यांची.

१९७९च्या शरद ऋतूत एकट्या एनबीसी वाहिनीवर ‘क्विन्सी’, ‘बक रॉजर्स’, ‘बीजे अँड द बेअर’ आणि तिच्यातून निघालेली ‘शेरीफ लोबो’ अशा लार्सन यांच्या चार मालिका एकाच वेळी चालू होत्या. यातलं किती लेखन त्यांच्या स्वतःच्या हातचं, हा प्रश्न तेव्हाही विचारला जाई. पण नवी मालिका वाहिनीच्या गळी कशी उतरवायची, हे त्यांच्याइतकं कुणाला जमत नव्हतं, हे त्यांचे टीकाकारही मान्य करतात.

ती गळी कशी उतरत असे? इथे ते विडंबनगीत आठवावं. १९६९मध्ये ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ चित्रपट गाजला. १९७१ मध्ये दोन हसऱ्या दरोडेखोरांची ‘अलायस स्मिथ अँड जोन्स’ ही लार्सन यांची मालिका आली. १९७३ मध्ये ठकसेनांचा ‘द स्टिंग’ चालला, तर १९७५ मध्ये ‘स्विच’. ट्रकवाल्यांचा ‘स्मोकी अँड द बँडिट’ १९७७चा. त्यानंतर ट्रकवाला आणि त्याचं चिंपांझी यांची ‘बीजे अँड द बेअर’. १९८२ मध्ये संगणकाच्या पोटात घडणारा ‘ट्रॉन’ आला आणि पुढच्याच वर्षी संगणकातून बाहेर पडणाऱ्या नायकाची ‘ऑटोमॅन’. चित्रपटगृहात जे चाललं, ते वर्षादोनवर्षांत दिवाणखान्यात पोचवायचं, असा हा बिनचूक पुरवठा. वाहिन्यांनाही दुसरं काही नको होतं. नव्या गोष्टीवर पैसा लावणं हा त्यांना जुगार वाटे. चाललेल्या गोष्टीची दुसरी आवृत्ती म्हणजे मुदत ठेव.

बारा वसाहती आणि चौतीस साम्यं

१७ सप्टेंबर १९७८, रविवार. एबीसी वाहिनीवर ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’चा तीन तासांचा पहिला भाग चालू होता. मध्येच प्रक्षेपण थांबलं. कॅम्प डेव्हिड इथे इजिप्त आणि इस्रायल यांच्यात करार झाला होता आणि त्याची बातमी दाखवायची होती. बातमी संपल्यावर अंतराळयानं परत आली.

दर तासाला सुमारे दहा लाख डॉलर खर्चाची ही मालिका तेव्हाच्या सर्वांत महागड्या मालिकांपैकी होती. ‘स्टार वॉर्स’ येऊन सव्वा वर्ष झालं होतं. ‘स्टार वॉर्स’ची दृश्यकरामत सांभाळणारे जॉन डायक्स्ट्रा इथेही होते. त्या चित्रपटाची संकल्पनाचित्रं काढणारे राल्फ मॅक्वारी यांनी इथेही चित्रं काढली होती. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने युनिव्हर्सलवर खटला भरला आणि दोन कथांमधल्या चौतीस साम्यांची यादी न्यायालयापुढे ठेवली. युनिव्हर्सलने उलटा दावा केला : ‘स्टार वॉर्स’मधले छोटे यंत्रमानव आमच्या १९७२च्या ‘सायलेंट रनिंग’वरून उचललेत. १९८०मध्ये खालच्या न्यायालयाने युनिव्हर्सलच्या बाजूने निकाल दिला. १९८३मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला आणि हा प्रश्न पुराव्यानिशी तपासायला हवा असं म्हटलं. मग प्रकरण आपसात मिटलं. गंमत अशी की तोवर लार्सन स्वतः फॉक्ससाठी मालिका काढत होते. ‘द फॉल गाय’ ही फॉक्सचीच, १९८१ची. धंद्यात खटले कंपन्यांचे असतात, कामं माणसांची.

विज्ञानकथालेखक हार्लन एलिसन यांनी लार्सन यांना ‘ग्लेन लार्सेनी’, म्हणजे चोरी करणारा, असं नाव ठेवलं. ते चिकटलं. पण ‘गॅलॅक्टिका’ निव्वळ नक्कल आहे असं म्हणणाऱ्यांनी ती नीट पाहिलेली नाही. साठीच्या दशकातच लार्सन यांच्या डोक्यात ‘ॲडम्स आर्क’ नावाची एक कल्पना घोळत होती. ‘स्टार ट्रेक’चे निर्माते जीन कून यांनी त्यांना त्या काळी मार्गदर्शन केलं होतं. आपला ग्रह गमावलेल्या माणसांचा एक ताफा अवकाशात नवं घर शोधत निघतो, हे त्या कल्पनेचं बीज. ‘स्टार वॉर्स’ चालल्यामुळे वाहिनीने तिजोरी उघडली, इतकाच त्या चित्रपटाशी तिचा संबंध, असं लार्सन यांचं म्हणणं. आणि मालिकेच्या आतला मालमसाला तर थेट मॉर्मन घरातून आलेला आहे. मॉर्मन ग्रंथांत ईश्वराच्या निकटच्या ताऱ्याचं नाव आहे कोलोब. मालिकेत मानवजातीच्या मूळ ग्रहाचं नाव कोबोल. मॉर्मन चर्चच्या कारभारात बारा प्रेषितांची परिषद असते. इथेही बारा वसाहती आणि बारा जणांची परिषद आहे. हरवलेली तेरावी जमात, मृत्यूनंतरही टिकणारा विवाह, देवदूतांसारखे तेजस्वी जीव, सगळं त्याच परंपरेतलं. ‘स्टार वॉर्स’मध्ये यातलं काही नाही. शिवाय तो चित्रपट तरी कुठे आकाशातून पडला? त्याचे दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांना आधी ‘फ्लॅश गॉर्डन’चे हक्क हवे होते आणि आपल्या कथेवर जपानी दिग्दर्शक कुरोसावा यांच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’चा प्रभाव असल्याचं त्यांनीच सांगितलं आहे.

मालिका एका वर्षात बंद पडली. तिचं संगीत उरलं. फिलिप्स आणि लार्सन यांनी बांधलेलं ते भव्य तुतारीवजा शीर्षकसंगीत लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकने वाजवलं होतं. दूरचित्रवाणीवरच्या मालिकेसाठी एवढा थाट क्वचितच होई.

चालीचा हिशेब

लार्सन यांनी स्वतःच्या मालिकांना चाली का दिल्या? सरळ उत्तर म्हणजे त्यांना त्या येत होत्या. तिरकस उत्तर पैशाचं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

अमेरिकेत गीतकार-संगीतकारांच्या ॲस्कॅप आणि बीएमआय या संस्था वाहिन्यांकडून एकत्रित परवानाशुल्क घेतात आणि कुठली रचना किती वेळा वाजली यानुसार ते वाटतात. म्हणजे मालिकेचा प्रत्येक भाग, त्याचं प्रत्येक पुनःप्रक्षेपण, दर वेळी शीर्षकसंगीत रचणाऱ्याच्या खात्यात काही ना काही पडतं. लेखकाला पुनःप्रक्षेपणाचं मानधन त्याने लिहिलेल्या भागापुरतं मिळतं. शीर्षकसंगीत मात्र सगळ्याच भागांना असतं. ही मेख ओळखून ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडनबरी यांनी अलेक्झांडर करेज यांच्या चालीवर शब्द लिहून ठेवले. ते कधीच गायले जाणार नव्हते. पण गीतकार म्हणून निम्मी रॉयल्टी त्यांच्याकडे वळली. करेज यांना हे शेवटपर्यंत खुपत राहिलं.

लार्सन यांनाही कुणी याच रांगेत बसवेल. मात्र दोघांत एक मोठा फरक आहे. लार्सन पटकथालेखक होण्याच्या आठ वर्षं आधी यशस्वी गीतकार होते. ‘द सिक्स मिलियन डॉलर मॅन’च्या १९७३च्या चित्रपटांसाठी त्यांनी लिहिलेलं गाणं डस्टी स्प्रिंगफील्ड यांनी गायलं. ‘बीजे अँड द बेअर’चं गाणं नायक ग्रेग एव्हिगन यांच्याकडून गाऊन घेतलं. ‘द फॉल गाय’चं ‘अननोन स्टंटमन’ हे गाणं तर नायक ली मेजर्स यांनीच गायलं. त्यात एक स्टंटमन आपलं दुखणं हसत सांगतो : उड्या मी मारायच्या, हाडं माझी मोडायची आणि नायिका मात्र नायकाच्या मिठीत. मिनिटभरात माणूस, त्याचा धंदा आणि त्याची तक्रार सगळं कळतं. पुढचे भाग पाहिले नाहीत तरी चालावं. २०२४मध्ये याच नावाचा चित्रपट आला तेव्हा ब्लेक शेल्टन यांच्याकडून हे गाणं पुन्हा गाऊन घेण्यात आलं.

हे आपल्याला परकं वाटायला नको. १९९९मध्ये ‘आभाळमाया’ सुरू झाली तेव्हा मंगेश कुलकर्णी यांचे शब्द, अशोक पत्की यांची चाल आणि देवकी पंडित यांचा आवाज कानी पडला की स्वयंपाकघरातली माणसं बाहेरच्या खोलीत येत. कथानक विसरलेल्यांनाही ते गाणं पाठ आहे. फरक हिशेबाचा होता. आपल्याकडे संगीतकार-गीतकार बहुधा एकरकमी मानधन घेऊन हक्क लिहून देत. जावेद अख्तर यांनी संसदेत लावून धरल्यावर २०१२मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कुणालाही काढून घेता येणार नाही असं ठरलं. लार्सन यांच्या पिढीला अमेरिकेत जे घरबसल्या मिळत होतं, त्यासाठी आपल्याकडे कायदा बदलावा लागला.

बोलणारी मोटार

‘नाइट रायडर’मध्ये लार्सन यांच्या सगळ्या खुब्या एकत्र आल्या. कथा एका वाक्यात : एकटा माणूस आणि त्याची बोलणारी, बुद्धिमान, अभेद्य मोटार गावोगावी अन्याय दूर करत फिरतात. डेव्हिड हॅसलहॉफ नायक, काळी पाँटिॲक ट्रान्स ॲम ही खरी नायिका. मोटारीचा आवाज विल्यम डॅनियल्स यांचा. त्याच काळात ते ‘सेंट एल्सव्हेअर’ या गंभीर मालिकेत सर्जनची भूमिका करत होते आणि मोटारीच्या आवाजासाठी श्रेयनामावलीत आपलं नाव नको असं त्यांनीच सांगितलं होतं. मोटारीच्या नाकाडावर डावी-उजवीकडे सरकणारा लाल दिवा ‘गॅलॅक्टिका’तल्या सायलॉन यंत्रमानवांच्या डोळ्यावरून घेतलेला. इथे उसनवारी स्वतःकडूनच झाली होती.

आणि चाल? लार्सन यांनी स्वतःच सांगितलं आहे की लिओ दलीब यांच्या ‘सिल्विया’ या बॅलेतल्या, १८७६च्या एका संचलनाच्या सुरावटीवरून ती सुचली. पण मूळ तुकडा आणि ही चाल शेजारी ठेवून ऐका. दलीबचं संचलन उत्सवी, ब्रास वाद्यांचं, छाती काढून चालणारं. फिलिप्स आणि लार्सन यांनी ते सिंथेसायझरवर आणलं, गती वाढवली आणि अगदी लगतच्या दोन स्वरांमध्ये ते अखंड मागेपुढे फिरवलं. आपल्या कानाला त्यात कोमल रिषभाची ओढ जाणवते. पंजाबी गायकी त्यावर इतकी चपखल का बसली, याचं एक कारण तिथे असावं. तालाला श्वास घ्यायला जागा नाही, कारण मोटार थांबत नाही. उसनं घेतलेलं पुरतं स्वतःचं कसं होतं, याचा हा नमुना.

मला वाटतं, लार्सन मालिकाही गाण्यासारखीच रचत. सुरुवातीला निवेदन आणि चाल हा मुखडा. मग जाहिरातींच्या विरामांनी तोडलेले चार अंतरे, प्रत्येकाच्या शेवटी एक समेचा धक्का, आणि शेवटी पुन्हा मुखड्यावर येणं : मोटार रस्त्याला लागते, नायक हसतो. माणसं बदलत नाहीत, खोल जात नाहीत. गाणंही दर कडव्याला स्वभाव बदलत नाही. यामुळेच त्यांचे भाग आज सलग पाहवत नाहीत आणि यामुळेच त्यांची शीर्षकं विसरली जात नाहीत.

चुकाही याच पद्धतीच्या पोटातून आल्या. १९८३च्या ‘मॅनिमल’मध्ये प्राध्यापक महाशय ससाणा किंवा काळा बिबट्या होत. ती आठ भागांत आटोपली. ‘ऑटोमॅन’ही टिकली नाही. नुसता मुखडा असलेलं गाणं किती वेळ वाजवणार? १९८४मध्ये ‘कव्हर अप’च्या सेटवर तरुण नायक जॉन-एरिक हेक्सम याने गोळी नसलेल्या, नुसत्या दारूच्या काडतुसाचं पिस्तूल गमतीत कानशिलाला लावून चाप ओढला आणि त्या इजेने तो गेला. नवा नायक आणून मालिका पुढे रेटली गेली, तरी वर्षभरात तीही संपली. ‘मॅग्नम’ मात्र आठ वर्षं चालली. पण ती प्रामुख्याने सहजनक डोनाल्ड बेलिसारियो यांनी नव्याने लिहून काढलेली, आणि तिचं गाजलेलं शीर्षकसंगीत माइक पोस्ट आणि पीट कारपेंटर यांचं. लार्सन यांच्या नावावरची सर्वांत भरीव मालिका सर्वांत कमी त्यांची आहे, हेही नोंदवायला हवं.

दोन वैरी, एकच सावकार

लार्सन यांच्यावरचा सर्वांत कडवट आरोप अभिनेते जेम्स गार्नर यांचा आहे. २०११ साली आलेल्या आत्मचरित्रात गार्नर लिहितात की आपल्या ‘द रॉकफर्ड फाइल्स’ या मालिकेच्या पटकथा लार्सन यांनी जवळपास जशाच्या तशा वापरल्या, त्याबद्दल लेखकसंघाने त्यांना दंड केला, पुढे त्यांनी मालिकेच्या संगीताचीही नक्कल केली आणि अखेर ते समोर आले तेव्हा आपण त्यांना ठोसा लगावला. ही गार्नर यांची बाजू आहे, पण तिला हलकं मानता येणार नाही. चित्रपटाची कल्पना घेऊन मालिका बेतणं वेगळं आणि शेजारच्या टेबलावरची पटकथा उचलणं वेगळं. पहिली धंद्याची रीत, दुसरी चोरी.

याच दोघांच्या आयुष्यात एक विलक्षण योगायोग आहे. १९८३मध्ये गार्नर यांनी युनिव्हर्सलवर दावा लावला : ‘रॉकफर्ड’ जगभर विकली गेली तरी माझ्या नफ्याचा वाटा कुठे आहे? १९८९मध्ये स्टुडिओने तडजोड केली. २०११मध्ये, गार्नर यांचं पुस्तक आलं त्याच वर्षी, लार्सन यांनीही युनिव्हर्सलवर दावा लावला. तक्रार तीच : करारात नफ्यातला वाटा लिहिलेला असून, इतक्या मालिका दशकानुदशकं विकल्या जात असून, तो वाटा हाती आलेला नाही.

हॉलिवूडचा हा हिशेब जगजाहीर आहे. मालिकेच्या मिळकतीतून आधी वितरणशुल्क कापलं जातं, मग स्टुडिओचा वरकड खर्च, मग निर्मितीखर्चावरचं व्याज. मिळकत वाढते तसं शुल्क वाढतं, व्याज चढत राहतं आणि निव्वळ नफ्याची ओळ कोरडीच राहते. सावकाराच्या वहीत मुद्दल कधीच फिटत नाही, तसं. म्हणून लार्सन यांच्या चालींचं महत्त्व आणखी कळतं. चालीची रॉयल्टी स्टुडिओच्या वहीतून जात नव्हती. ती वेगळ्या संस्थेकडून, वाजलेल्या प्रत्येक वेळेचा हिशेब होऊन येत होती. लेखक आणि निर्माता म्हणून ज्या माणसाला कोर्टाची पायरी चढावी लागली, त्या माणसातल्या संगीतकाराला ती चढण्याचं कारण नव्हतं.

उत्तरार्ध आणि निवाडा

नव्वदीच्या दशकात काळ बदलला. सलग कथानकं आणि गुंतागुंतीची पात्रं आली. लार्सन यांची ‘वन वेस्ट वायकिकी’ आणि मग १९९७ ते १९९९ची ‘नाइटमॅन’ फारशा गाजल्या नाहीत. ‘नाइटमॅन’चा नायक दिवसा सॅक्सोफोनवादक असतो आणि रात्री गुन्हेगारांशी लढतो. बहुतेक सगळं आयुष्य दोन धंद्यांत काढलेल्या माणसाने शेवटच्या मालिकेचा नायक संगीतकार निवडावा, हे त्यांना शोभलं.

२००३मध्ये रोनाल्ड मूर यांनी ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ नव्याने घडवली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरची अमेरिका, दहशत, छळ, धर्म, लोकशाही हे सगळं तिच्यात आलं. समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं, पीबडी पुरस्कारही मिळाला. लार्सन यांचं नाव सल्लागार निर्माता म्हणून राहिलं. पण त्यांचा खरा सहभाग दुसरीकडे आहे. संगीतकार बेअर मॅक्रीरी यांनी फिलिप्स-लार्सन यांचं जुनं शीर्षकसंगीत त्या मालिकेतल्या वसाहतींचं राष्ट्रगीत म्हणून वापरलं. कथेची चौकट मूर यांनी मोडून पुन्हा बांधली. चालीला त्या जगात थेट राष्ट्रगीताचा मान मिळाला.

१४ नोव्हेंबर २०१४ रोजी सांता मोनिका इथे अन्ननलिकेच्या कर्करोगाने लार्सन यांचं निधन झालं. वय ७७. गार्नर त्याच वर्षी जुलैत गेले होते. लार्सन यांना एमीची तीन नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. हॉलिवूडच्या फुटपाथवरचा तारा १९८५ मध्ये मिळाला होता.

लार्सन मोठे लेखक नव्हते. त्यांच्या मालिकांतलं एकही पात्र मनात घर करत नाही आणि ‘रॉकफर्ड’चा डाग पुसता येणार नाही. दूरचित्रवाणीवर मात्र मालिका सुरू होण्याआधीचं एक मिनिटही लिहावं लागतं, आणि ते लिहिणारा त्यांच्या तोडीचा माणूस त्या काळात दुसरा नव्हता. त्या मिनिटाचा दर्जा आपल्याकडेही ओळखला जायला हवा. आज मोबाइलवरची ॲप शीर्षकगीत वगळण्याचं बटण पुढे करतात आणि नामावली इतक्या वेगाने सरकते की कुणाचं नाव वाचता येत नाही. मराठी वाहिन्यांनी निदान एवढं करावं : ज्यांच्या शब्दांनी आणि चालीने मालिका घरात शिरते, त्या गीतकाराचं आणि संगीतकाराचं नाव पडद्यावर वाचता येईल इतका वेळ थांबू द्यावं, आणि त्यांच्या वाट्याचे पैसे वेळेवर द्यावेत.